पहिली वाटी

"ऑक्सिजन वाढवा, सिस्टर."

"पूर्ण सोडलाय, मॅडम. ह्याच्यापुढं काटा जातच न्हाई."

"मग आकडा का हलत नाही?"

सिस्टर एस्तेरने म्हाताऱ्याच्या बोटाला लावलेला ऑक्सिजन मोजायचा चिमटा काढून स्वतःच्या बोटाला लावला. अठ्ठ्याण्णव. परत म्हाताऱ्याला लावला. पंच्याऐंशी. शेजारच्या खाटेवर युनूस मुजावर होता, त्यालाही पंच्याऐंशीच. तिसऱ्या खाटेवरचा विलास खोत त्या दोघांपेक्षा जरा बरा, पण त्याचाही आकडा नव्वदीला शिवायला तयार नव्हता. मशीन बिघडलेलं नव्हतं, माणसंच बिघडली होती.

शाई सांडलेला शर्ट दोन-तीनदा धुतल्यावर जसा दिसतो, तसे तिघांचे ओठ दिसत होते. नखंही तशीच. धाप म्हणावी तर फारशी नाही. छातीला स्टेथोस्कोप लावला तर दोन्ही बाजूंनी हवा व्यवस्थित आत-बाहेर. माणूस इतका निळा पडला की एव्हाना तो तडफडायला हवा. हे तिघे मात्र डोकं दुखतंय, गरगरतंय, मळमळतंय एवढंच म्हणत होते. म्हातारा तर तेही म्हणेनासा झाला होता. त्याची मान एका बाजूला कलली होती.

ही गोष्ट मी कोल्हापूरच्या एका धर्मादाय दवाखान्यात अपघात विभाग सांभाळत होते तेव्हाची. दवाखाना औद्योगिक वसाहतीला लागून. आमच्याकडे मुख्यतः बोटं यायची. लेथमध्ये अडकलेली, प्रेसखाली सापडलेली, रुमालात गुंडाळून आणलेली. वर्षात एकच दिवस असा, की एकही बोट यायचं नाही. तो म्हणजे खंडेनवमी. त्या दिवशी यंत्रं धुऊन-पुसून, हळदकुंकू लावून पूजेला बसतात आणि कारखान्यातच जेवणाचा बेत होतो. म्हणून मी मोठ्या हौसेने ती ड्युटी मागून घेतली होती. कपाटामागे चटई टाकून दुपारी तासभर झोपायचा माझा विचार होता. नशीब माझं.

तिघांना टेम्पोत घालून आणलं होतं विलासच्या थोरल्या भावाने, धनाजीने. तो दुसऱ्याच कारखान्यात वेल्डर होता, पण फोन आल्याबरोबर हातातलं ताट टाकून धावला होता. धिप्पाड माणूस, कपाळाला अजून पूजेचा गुलाल. तो एका जागी उभाच राहत नव्हता. या खाटेकडून त्या खाटेकडे, तिथून माझ्या टेबलाकडे.

"मॅडम, काय झालंय त्ये तरी सांगा की!"

"तेच बघतेय. कुठं होते हे तिघे?"

"दिनकरराव लोहारांच्या कारखान्यात. भट्टीचं काम असतंय तिथं. गिअर, पाती तापवून टणक करायचं."

भट्टी म्हटल्यावर मी लगेच आमच्या वरिष्ठांना, आजगावकर सरांना फोन लावला. ते त्यांच्या घरी पूजेला बसलेले. मागे आरती चालू होती.

"भट्टीचा वायू असणार," सर म्हणाले. "कोंडलेल्या जागेत होतं असं. ॲम्ब्युलन्समध्ये घाल आणि सरळ मोठ्या सरकारी दवाखान्यात पाठव. आपल्याकडे झेपायचं नाही."

मी फोन कानाला तसाच धरून धनाजीला विचारलं, "भट्टी किती वेळ पेटलेली होती?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "आज? खंडेनवमीला कोण भट्टी पेटवतंय मॅडम? आज तिला निवद असतोय."

खरंच की. मी कोल्हापुरात जन्मलेली बाई, आणि हे मला एका वेल्डरने सांगावं लागलं. वायू नाही, भट्टी थंड. मग तिघेच का? कारखान्यात माणसं किती होती?

"सात-आठ तर आसतील. बाकीची धडधाकट हाईत."

म्हातारा, म्हणजे भट्टी सांभाळणारे सिदूआप्पा चौगुले, यांच्या दंडातून मी रक्त काढलं, आणि सिरिंज हातात धरून तशीच उभी राहिले. गुऱ्हाळात कढईतून काढलेली काकवी असते ना, त्या रंगाचं रक्त होतं ते. मी सिरिंज हलवली, हवा लागू दिली. शिरेतलं काळपट रक्त हवा लागली की लाल होतं. हे होईना. मी सुईने स्वतःचं बोट टोचलं आणि पांढऱ्या कापसाच्या घडीवर माझा एक थेंब आणि आप्पांचा एक थेंब शेजारी शेजारी टाकला.

"सिस्टर, बघा."

एस्तेर वाकली. माझा थेंब लाल. आप्पांचा तपकिरी, आणि तपकिरीच राहिला.

हा आजार मी परीक्षेसाठी पाठ केला होता आणि परीक्षेनंतर प्रामाणिकपणे विसरले होते. मेथेमोग्लोबिनेमिया. काही विषारी क्षार पोटात गेले की रक्तातलं लोह बिघडतं. मग नाकाशी ऑक्सिजनचा अख्खा सिलिंडर रिकामा करा, रक्त तो उचलायलाच तयार होत नाही. फुप्फुसं ठणठणीत आणि माणूस आतून गुदमरतोय. चिमट्याचा आकडाही बहुतेक वेळा पंच्याऐंशीच्या आसपास अडकून बसतो, मग खरी परिस्थिती त्याहून कितीही वाईट का असेना.

"सर," टेबलावर चालूच ठेवलेला फोन उचलून मी म्हणाले, "मला वाटतं यांना मिथिलीन ब्ल्यू द्यावं लागेल. पाठवले तर आप्पा वाटेत जातील."

आरती थांबली होती. "तुझी खात्री आहे?"

"पूर्ण नाही."

सर म्हणाले, "उगाच हो म्हणाली असतीस तर मी नको म्हटलं असतं. दे. मी निघालोच."

निळ्या माणसाला निळंच औषध. पण ते आमच्या विभागात कुठून असणार? मी जिना चढून ऑपरेशन थिएटरकडे पळाले. मूल होत नसलेल्या बायकांची गर्भनलिका मोकळी आहे का हे बघायला आमच्या देसाई मॅडम तोच रंग वापरत. त्यांच्या कपाटातली सगळी खोकी मी उलटीपालटी केली. दोन अँप्यूल निघाल्या, औषधाच्या काचेच्या कुप्या. खाली तिघे, आणि एका माणसाला साधारण एक लागणार.

परत आले तोवर एस्तेरने युनूसकडून बरंच काढून घेतलं होतं. तो अडखळत बोलत होता.

"पयल्या वाढपाला पांढरा रस्सा आळणी हुता. कोण काय बोललं न्हाई. सगळ्यांनी तांबडाच वरपला आन् निघाली. आमी तिघं राहिलो मागं. आमाला पांढराच आवडतो. मालक म्हणाले, थांबा, मीठ घालून देतो. दोन-दोन वाट्या प्यालो."

"मालक प्याले?"

"मालकांचा नवरात्रीचा उपास. शिजवतात तेच, वाढतात तेच. आमचं सगळ्यांचं झाल्याशिवाय बसतपण न्हाईत. धा-पंधरा वर्षं बघतोय मी."

"कारखान्यात फोन करा," मी एस्तेरला सांगितलं. "उरलेला रस्सा आहे तसा घेऊन यायला सांगा. कुणी तोंड लावू नका म्हणावं." तिने फोन केला. निरोप कुणी घेतला, कसा पोचवला, ते देवाला ठाऊक.

मग मी तिघांनाही विचारलं, मलेरियाच्या गोळ्या घेऊन कधी लघवी काळी झाली होती का. काही लोकांना हे औषध उलटतं, तेवढं तरी बघणं भाग होतं. कुणालाच तसं झालं नव्हतं. आप्पांच्या वतीने युनूस म्हणाला, "आप्पा आजारीच कधी पडला न्हाई ओ."

पहिली अँप्यूल आप्पांना. निळंशार औषध सावकाश शिरेत सोडत होते, आणि समोर आकडा वाढायच्या ऐवजी खाली घसरला. ऐंशी. अठ्ठ्याहत्तर. मग आठवलं, औषधाच्या रंगाने चिमट्याची काही काळ फसगत होते. आठवलं खरं, पण पुस्तकातलं वाक्य आठवणं वेगळं आणि म्हाताऱ्याच्या हातात सुई धरून त्यावर विश्वास ठेवणं वेगळं. मी सिरिंज खाली ठेवली नाही. दुसरी अँप्यूल युनूसला दिली.

"आन् माझ्या भावाला?" धनाजी माझ्यामागे येऊन उभा राहिला होता.

"दोनच होत्या. हे दोघे जास्त वाईट आहेत. विलासला सलाईनमधून व्हिटॅमिन सी देतेय. ते हळू काम करतं, पण करतं."

"हळू? म्हंजे म्हाताऱ्याला आधी आन् चोवीस वर्षांच्या पोराला मागनं?"

"ज्याचं आधी बुडतंय त्याला आधी, धनाजी. वय बघून नाही."

त्याला ते पटलं नाही. मला तरी कुठे पटत होतं? विलासची नखं मला दिसत होतीच की. मी फोन घेऊन शहरातल्या एकेका बायकांच्या डॉक्टरला विचारत सुटले. कुणी पूजेत, कुणी गावाला, कुणाकडचं संपलेलं. शेवटी राजारामपुरीतल्या एक डॉक्टरबाई म्हणाल्या, "एक आहे बघ माझ्याकडे. उरलेली. माणूस पाठव."

मी वळले तर दारात दिनकरराव लोहार उभे.

साठी ओलांडलेला वाळका माणूस. पांढरा सदरा, धोतर, आणि पाय अनवाणी. नऊ दिवस पायात काही घालायचं नाही हा त्यांचा नेम. दुपारच्या डांबरावरून चालत आल्याने तळवे भाजले असणार, पण त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. हातात ॲल्युमिनियमची किटली होती. त्यांनी ती मला द्यायला पुढे केली, आणि मधे धनाजी आला.

"या मालक, या! तिघं निळी पडली आन् तुमी तेवढं धड? तुमी का प्याला न्हाईसा?"

"धनाजी, माझा उपास..."

"उपास! बरा गावला उपास! सोता शिजवायचं, दुसऱ्याला पाजायचं आन् आपण कोरडं राह्यचं. काय न्हाई ना ह्यात? मग पी. माझ्यासमोर पी!"

'तुम्ही'वरून तो 'तू'वर कधी आला, त्याचं त्यालाही कळलं नसेल. दिनकररावांनी एकदा सिदूआप्पांकडे पाहिलं, एकदा विलासकडे. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. राग नव्हता त्यावर. कुणी लग्नात सगळ्यांदेखत पंगतीतून उठवावं, तसा चेहरा.

"नका!" मी ओरडले. "कुणी पिऊ नका ते!"

पण माझ्या आणि त्यांच्या मधे धनाजीचं आडदांड शरीर होतं. दिनकररावांनी किटलीच्या झाकणात रस्सा ओतला, डोळे मिटून कुलदेवीचं नाव घेतलं आणि एका दमात तो प्यायले. परत ओतला, परत प्यायले. मी धनाजीला ढकलून पोचले तोवर झाकण रिकामं होतं.

"झालं?" ते धनाजीला म्हणाले. "आता पोराकडं बघू दे मला."

मला इतका संताप आला की हातातलं पॅड मी टेबलावर आपटलं. "अरे, अक्कल आहे का कुणाला? एक उपाशी म्हातारा, रिकाम्या पोटी! यांना भराभर चढणार आता. आणि औषध कुठंय माझ्याकडे?"

धनाजीचा चेहरा उतरला. "कुठं मिळतंय त्ये?" त्याने विचारलं. मी पत्ता सांगितला. तो पळत सुटला. बाहेर वॉचमनकडून मागून घेतलेली मोटारसायकल दोन किकमध्ये सुरू झाली नाही तेव्हा त्याने तिला घातलेली शिवीही ऐकू आली.

नवमीचा दिवस. देवीच्या दर्शनाला लोटलेल्या माणसांनी निम्मं शहर भरलेलं. तो कधी परत येईल याचा काही भरवसा नव्हता. मी दिनकररावांना चौथ्या खाटेवर घेतलं. ते निजायला तयार नव्हते, विलासच्या पायाशी बसायचं म्हणत होते. थोड्याच वेळात त्यांना बसवेना.

एस्तेरने किटली उचलून झाकण लावायला घेतलं. मी सहज आत डोकावले आणि तिचा हात धरला.

पांढऱ्या रश्श्याला आमच्याकडे हळद लागत नाही. नारळाचं दूध, तीळ, खसखस, पण हळदीचं बोटसुद्धा नाही. या रश्श्याच्या कडेला मात्र फिकट पिवळी झाक होती. मी चमचा फिरवला तर चमच्यात तांदळाचा एक दाणा आला. कच्चा, कुंकवाने लाल झालेला. अक्षता.

"दिनकरराव," मी त्यांच्या खाटेशी जाऊन विचारलं, "मीठ कुठलं घातलंत?"

त्यांची जीभ जड झाली होती. "पुडीतलं संपलं हुतं. पूजेतलं घेतलं. देवीफुडं वाटी हुती मिठाची. माझी आई पूजेत मीठ ठेवायची. पूजेतलं मीठ टाकत न्हाईत, जेवणात घालतात. परसाद असतोय त्यो. वरची हळदकुकवाची चिमूट बाजूला केली आन् मूठभर घातलं."

"चव नाही बघितली?"

"उपास हाय न्हवं."

मागून आवाज आला. खरखरीत, खोल विहिरीतून आल्यासारखा. "मालक... कुठली वाटी?"

सिदूआप्पा. मी त्यांना विसरलेच होते. त्यांच्या ओठांवरचं निळं ओसरत होतं. गाल राखाडीतून माणसाच्या रंगावर आले होते. चिमटाही शुद्धीवर आला होता, त्र्याण्णव दाखवत होता. आप्पांनी मान उचलून परत विचारलं, "स्टीलची? काठ वाकलेली?"

"व्हय."

आप्पांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "ती म्या ठेवली मालक. नव्या भट्टीची पावडर हाय ती. पात्यांना पाणी देतो, टणक करतो ती. औंदा नवी भट्टी आली, तिच्या जिवावर कारखाना चाललाय. म्हटलं, हातोड्याला फूल, लेथला फूल, मग हिनं काय पाप केलंय? हिलाबी देवीफुडं बसवावं. म्हणून वाटीत घालून ठेवली."

मला एकदम सगळं स्वच्छ दिसलं. नायट्राइट, त्या विषारी क्षारांपैकीच एक. पांढरं, दाणेदार, चवीला खारटच. एकाने भक्तीने मांडलं आणि दुसऱ्याने भक्तीने ढवळलं. ज्या पावडरीने लोखंड टणक व्हायचं, त्याच पावडरीने रक्तातलं लोखंड निकामी केलं होतं.

दिनकरराव भिंतीकडे तोंड करून रडायला लागले. "म्हंजे मीच घातलं. माझ्या हातानं."

"रडू नका, श्वास जास्त लागतो," मी म्हणाले. सांत्वनाची माझी ही पद्धत. पण मी घाबरले होते. त्यांची नखं जांभळ्यातून काळपट झाली होती. नाडी पळत होती आणि मधेच ठोका चुकवत होती. आजगावकर सर एव्हाना आले होते. त्यांनी कापसावरचे ते दोन थेंब पाहिले, दिनकररावांचं रक्त काढून शेजारी तिसरा थेंब टाकला आणि मला काही न विचारता सरकारी दवाखान्याला फोन लावायला घेतला. तिकडून उत्तर आलं, औषध मागवावं लागेल, वेळ लागेल.

मी दाराकडे, घड्याळाकडे, आकड्याकडे बघत राहिले. विलासचा आकडा नव्वदीशी रेंगाळत होता. कधी एक वर, कधी एक खाली. पण तो बोलत होता. दिनकररावांना हाक मारली तरी आता नुसतं हूं यायचं.

धनाजी आला तेव्हा घामाने निथळत होता. गुलाल सगळा तोंडावर उतरलेला. उजवी मूठ घट्ट आवळलेली. "आणलं," तो म्हणाला, आणि सरळ विलासच्या खाटेकडे गेला.

"धनाजी, एकच आहे ना?"

"एकच."

"मग ती मालकांना लागेल. आधी त्यांना."

त्याने मूठ छातीशी धरली. खाटेवरून दिनकररावांनी हात हलवला, नको नको म्हणून. त्यांचे शब्द मला जवळ जाऊन ऐकावे लागले. "मला न्हाई. विलासला. माझ्या हातानं झालंय सगळं. धनाजी, म्या घातलं रं त्यात."

धनाजी माझ्याकडे वळला. "खरं?"

मी दोन वाक्यांत त्याला सांगितलं, वाटीचं, पूजेचं, प्रसादाचं. त्याने ऐकलं. मग भावाच्या खाटेशी खाली बसला आणि विलासचा हात हातात घेऊन एकेक नख बघायला लागला. मी सिरिंज भरायला तयार उभी, एस्तेर ट्रे घेऊन उभी, आणि हा माणूस नखं बघतोय. त्याच्या हातून ती काच हिसकावून घ्यावी असं मला वाटत होतं. आणि हिसकावली असती तर फुटलीच असती.

"मॅडम, ह्यो टिकंल?"

"टिकेल असं मला वाटतं. त्याचं हळूहळू सुधारतंय. पण लिहून देऊ शकत नाही."

"आन् ह्येंच्याबद्दल?"

"औषधाशिवाय त्यांचं काय होईल, ते लिहून देऊ शकते."

त्याला कळलं. त्याने विलासच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला. उठला. मूठ उघडली तेव्हा अँप्यूल घामाने ओली होती आणि तळहातावर तिचा वळ उठला होता.

"मालकांना न देऊन चालायचं न्हाई," तो म्हणाला. "म्या पाजलंय."

मी औषध सोडलं. आकडा घसरला. या वेळी मला माहीत होतं तरी मी श्वास रोखला होताच. मग किती तरी वेळ काही होईना. मग एस्तेर म्हणाली, "मॅडम, कानाची पाळी बघा." पाळी गुलाबी होत होती. तिथून गाल, तिथून ओठ, आणि दिनकरराव लोहारांनी डोळे उघडून पहिला प्रश्न विचारला, "विलास?"

धनाजी व्हरांड्यात जाऊन जमिनीवर बसला आणि मोठ्याने रडला. एवढा मोठा माणूस असा हमसून रडताना मी तोवर पाहिला नव्हता. विलासचा आकडा दिवेलागणीला नव्वदीच्या वर चढला तो चढलाच.

पुढचं हसण्यासारखं. युनूस लघवीची बाटली घेऊन आला आणि म्हणाला, "मॅडम, ह्ये काय रंगकाम काढलंय तुमी? हिरवीगार झाली." औषध असंच बाहेर पडतं हे त्याला सांगून पटेना. मग पोलीस ठाण्याचे हवालदार आले जबाब घ्यायला. सिदूआप्पा म्हणाले, "वाटी म्या ठेवली, माझं नाव लिवा." दिनकरराव म्हणाले, "घातलं मी, माझं लिहा." दारातून धनाजी पुढे आला. "साहेब, पाजलं म्या. माझं आधी." हवालदारांनी पेन खिशाला लावलं. "एक कोणतरी बोला की रं! गुन्हा एक आन् आरोपी तीन?" मी लिहून दिलं, अपघात. ते खरंच होतं.

त्याला आता बरीच वर्षं झाली. मी पुढे शहरातल्या मोठ्या दवाखान्यात गेले, पण खंडेनवमीला दिनकररावांचं बोलावणं चुकत नाही आणि मीही जाणं चुकवत नाही. भट्टीची पावडर आता कुलपाच्या लाल डब्यात असते. डब्यावर कवटी रंगवलेली, आणि सिदूआप्पांच्या हट्टापायी कवटीच्या कपाळाला हळदकुंकू. उपास दिनकररावांनी सोडलेला नाही. अनवाणी फिरतात, स्वतः शिजवतात, स्वतः वाढतात, आणि चव बघत नाहीत.

त्या दिवशी पंगत बसते, ताटं वाढून होतात, पण कुणी हात लावत नाही. धनाजी यायचा असतो. तो त्या कारखान्यात कधीच कामाला नव्हता, आजही नाही. तो येतो, चपला बाहेर काढतो, देवीपुढे वाकतो आणि पातेल्याशी येऊन उभा राहतो. दिनकरराव पहिली वाटी पांढऱ्या रश्श्याची भरतात आणि त्याच्या हातात देतात. तो उभ्यानेच पितो. सगळी वाटी, शेवटच्या थेंबापर्यंत. मग तिथेच थांबतो, आणि पंगतही थांबते. मला तो वेळ दरवर्षी फार मोठा वाटतो. नकळत मी त्याची नखं बघते.

"मीठ?" दिनकरराव विचारतात.

धनाजी मिशी पुसतो.

"बेताचं हाय, मालक," तो म्हणतो. "वाढा."